खुशामत आणि न्याय : स्त्रियांच्या छायाचित्रांविषयी काही विचार

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या आत्याबाई वारल्या. तेराव्याच्या दिवशी हार घालावयास त्यांची एखादी चांगली तसबीर असावी, म्हणून घरातील सर्व संग्रह, पेट्या आणि जुनी पाकिटे धुंडाळण्यात आली. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात या बाईंची जेमतेम तीन छायाचित्रे निघाली. पहिले लग्नातले; त्यात मुंडावळ्यांमुळे चेहरा दिसत नाही. दुसरे कोणाच्या तरी मुंजीतील समूहचित्र. त्यात आत्याबाई शेवटच्या रांगेत उभ्या असून एक तान्हे मूल त्यांनी असे धरले आहे, की हनुवटीखाली त्यांचे काहीच दिसू नये. तिसरे एका छायाचित्रालयात मुद्दाम काढविलेले; ते त्यांनी स्वतःच्या हाताने मधोमध फाडले होते, आणि तरीही दोन्ही तुकडे जपून ठेवले होते.

आत्याबाई भरल्या अंगाच्या होत्या. त्या छायाचित्रकाराने त्यांना खुर्चीवर समोरासमोर बसविले, 'बाई, पदर नीट घ्या' असे तीनदा बजावले, कॅमेरा अगदी जवळ आणला आणि कळ दाबली, एवढी हकीकत त्या पुढे हसत हसत सांगत. परंतु त्यानंतर त्या कॅमेऱ्यापुढे आपण होऊन कधी उभ्या राहिल्या नाहीत. दोन तुकडे जुळवून आम्ही ते चित्र पाहिले. त्यात प्रथम दिसते ते वक्षस्थळ, मग पदराचा रुंद काठ, आणि सर्वांच्या शेवटी आत्याबाई. अखेर मुंजीच्या समूहचित्रातील चेहरा मोठा करून घेतला. तो इतका पुसट आला आहे, की त्यांच्या पणतीस ही आपली पणजी म्हणून ओळख पटवून द्यावी लागते.

ही हकीकत एकट्या आमच्या घरची असती, तर ती येथे सांगण्याचे कारण नव्हते. परंतु वाचकांनी आपापले जुने संग्रह काढून पाहावेत. बापाची चित्रे पुष्कळ, मुलांची त्याहून पुष्कळ, आणि घरातील एखादी मावशी, काकू किंवा प्रत्यक्ष आईच सर्व चित्रांत कोणाच्या तरी पाठीमागे, असे ज्या घरी आढळणार नाही ते घर भाग्यवान. 'आम्हांस फोटो नको' असे म्हणणाऱ्या बायका विनयाने तसे म्हणतात अशी आपली समजूत असते. पुष्कळदा त्यामागे एखादे असेच फाडलेले चित्र असते. त्यामुळे पुष्ट बांध्याच्या स्त्रीचे चित्र चांगले कसे काढावे, हा प्रश्न वरवर पाहता धंद्यातील बारीकसारीक युक्त्यांचा वाटला, तरी तो कलेच्या नीतीचा प्रश्न आहे आणि टीकेने त्याची दखल घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

या विषयात छायाचित्रकारांचे दोन पंथ दिसतात. पहिला झाकणाऱ्यांचा. त्याचे म्हणणे असे, की भरदार छाती हा एक दोष आहे; तो मूल, पर्स, फुलांचा गुच्छ, दुमडलेले हात किंवा गडद सावली यांच्या आड दडवावा. दुसरा मांडणाऱ्यांचा. तो म्हणतो, हेच या स्त्रीचे भांडवल. तेवढेच प्रेक्षकांपुढे ठेवावे. दोन्ही पंथ एकमेकांचे वैरी दिसतात; परंतु त्यांचा पाया एकच आहे. दोघांनाही समोर बसलेल्या माणसाच्या आधी एक अवयव दिसतो. आमच्या मते तिसरा मार्ग आहे आणि तोच खऱ्या कलावंतांचा आहे : देह जसा आहे तसा ठेवून नजरेला तोंडाकडे नेणे. यास कोणी खुशामत म्हणोत; आम्ही त्यास न्याय म्हणतो.

देह हा मुळात दोष नव्हे, याची साक्ष आपल्याकडील शिल्पकारांनी केव्हाच देऊन ठेविली आहे. १९१७ साली पाटण्याजवळ दीदारगंज येथे गंगेच्या काठी सापडलेली चवरी धरणारी यक्षी आज तेथील बिहार संग्रहालयात उभी आहे. तिच्याइतके भरघोस वक्षस्थळ आजच्या एखाद्या स्त्रीस लाभले, तर तिला छायाचित्रालयात पाऊल टाकण्याचा धीर व्हावयाचा नाही. तरीही त्या मूर्तीपुढे उभे राहिले असता जडपणाची भावना यत्किंचितही होत नाही. याचे कारण शोधू गेल्यास ते सापडण्यासारखे आहे. मूर्ती ताठ समोरासमोर ठोकलेली नाही. ती किंचित पुढे कलली आहे, एक गुडघा थोडासा वाकलेला आहे, मान आणि खांदे मोकळे आहेत, आणि चकाकी दिलेल्या वालुकाश्मावर प्रकाश एका भागावरून दुसऱ्या भागावर अडखळल्यावाचून घसरत जातो. आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या पाहाव्यात. त्या स्त्रियाही चांगल्या धष्टपुष्ट आहेत. परंतु अंगाचा भार एका पायावर घेऊन त्या अशा डौलाने उभ्या आहेत, की त्यांच्या पुष्टपणात संकोच नाही आणि बाजारही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने जे साधले, ते भिंगाने साधू नये काय?

साधते, परंतु भिंगाचे काही स्वभावधर्म समजून घेतले तर. पहिला धर्म अंतराचा. पुष्कळांचा असा समज आहे, की विद्रूपता भिंगामुळे येते. वास्तविक ती अंतरामुळे येते. रुंद भिंग केवळ छायाचित्रकारास जवळ जाण्याची सवलत देते एवढेच. समजा, कॅमेरा छातीच्या उंचीवर आहे आणि छातीचा पुढचा भाग खांद्यांच्या रेषेपेक्षा १५ सेंटिमीटर पुढे आहे. खांद्यांपासून कॅमेरा १ मीटर अंतरावर ठेविला, तर पुढचा भाग खांद्यांच्या मानाने सुमारे १८ टक्के मोठा उमटतो. तोच कॅमेरा खांद्यांपासून ३ मीटर अंतरावर नेला, तर ही वाढ ५ टक्क्यांवर येते. बाई तीच, पदर तोच, पोलकेही तेच. परंतु एका चित्रात ती स्वतःसारखी दिसते आणि दुसऱ्यात स्वतःच्या व्यंगचित्रासारखी. आमच्या आत्याबाईंचा अपराध काय तो एवढाच, की त्यांच्या छायाचित्रकारास दोन पावले मागे सरण्याचा कंटाळा आला. जाणते छायाचित्रकार व्यक्तिचित्रास ८५ ते १३५ मिलिमीटरचे भिंग वापरतात, ते ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने, आणि त्याचे मर्म हेच, की त्या भिंगाने चौकट भरावयास मागे सरावेच लागते.

दुसरा धर्म प्रकाशाचा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नांगरलेल्या शेताची सरी न् सरी उठून दिसते. तेच शेत भर दुपारी सपाट वाटते. देहाचेही तसेच आहे. अगदी कडेने, घासत जाणारा प्रकाश प्रत्येक उंचवट्यास सावलीची जोड देतो आणि त्याचे वजन वाढवितो. डोक्यावर लोंबणारा एकच दिवा तर याहून वाईट. तो डोळ्यांच्या खोबणीत अंधार भरतो आणि छातीखाली सावलीचा एक जड पट्टा ओढतो. याउलट उत्तरेकडील मोठ्या खिडकीचा मऊ प्रकाश समोरून, जरा एका बाजूने आणि डोळ्यांच्या थोडा वरून आला, म्हणजे चेहऱ्यास घाट राहतो आणि देहावरील चढउतार सौम्य होतात. दिवाच वापरावयाचा असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथाई होतो. म्हणून दिवा चेहऱ्याच्या जवळ व किंचित उंच ठेविला, की चेहरा उजळ राहतो आणि खाली उतरत जाणारा देह हळूहळू मंद होत जातो. येथे काही झाकलेले नसते. केवळ आधी काय पाहावे आणि मागून काय पाहावे, याचा क्रम लावलेला असतो.

तिसरा धर्म उभे राहण्याचा, आणि येथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. अंगाने लवकर भरलेल्या मुली बाराव्या-तेराव्या वर्षी खांदे पुढे घेऊन, पाठीला पोक काढून चालावयास शिकतात. कोणी शिकवीत नाही; घरातील आणि रस्त्यावरील नजरा शिकवितात. ही सवय पुढे जन्मभर जात नाही, आणि कॅमेऱ्यापुढे तर ती दुप्पट होते. परंतु तिचा परिणाम इच्छेच्या नेमका उलट होतो. पाठ वाकली, की छाती खाली उतरून पोटास मिळते, कमर नाहीशी होते, मान आखूड होते, आणि सारा देह एक गाठोडे दिसू लागतो. पाठ सरळ झाली, खांदे सैल होऊन मागे गेले, की तोच देह उंच होतो. शहाणा छायाचित्रकार म्हणून 'पदर नीट घ्या' असे म्हणत नाही. तो 'मान उंच करा, श्वास सोडा' असे म्हणतो. धड थोडे तिरपे वळवावे आणि चेहरा भिंगाकडे परत आणावा; कारण अगदी समोरून रुंदी सगळी दिसते, अगदी कडेने पुढावा सगळा दिसतो, आणि या दोहोंच्या मधली जागा दोन्ही आवरते. भार मागच्या पायावर असावा. हात अंगास चिकटून नसावेत. कोपर आणि कमर यांमध्ये थोडी फट राहिली, की कमरेची रेषा आपण होऊन दिसते. यात नवे काय आहे? कार्ल्याच्या पाथरवटास हे सर्व ठाऊक होते.

वस्त्राविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आमच्या बायकांच्या बाबतीत अर्धे चित्र साडीनेच होते. कडक जरीचा पदर पसरून घेतला, की तो अंगापासून सुटून उभा राहतो आणि देहास नसलेली जाडी देतो. रुंद काठ छातीवरून आडवा गेला, की नजर तेथेच अडकते. तोच पदर बारीक चुण्या घालून खांद्यावर बसविला, तर खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरपी, लांब रेषा मिळते, आणि डोळा त्या रेषेवरून वर चेहऱ्याकडे चढतो. गळाबंद पोलक्याने मर्यादा राखली जाते ही समजूतही तपासून पाहावी. मान झाकली गेली, की चेहरा धडावर नुसता ठेवल्यासारखा वाटतो. अंगास नीट बसणारे, साध्या, न चमकणाऱ्या कापडाचे पोलके यांहून मोठा उपाय नाही. आणि शेवटी चौकट. ती छातीच्या सर्वांत रुंद भागावर कधी कापू नये. एक तर गळ्याच्या हाडापाशी थांबावे, नाही तर कमरेखाली उतरावे. मधेच कापलेले चित्र प्रेक्षकास सांगते, की ही रुंदी चौकटीबाहेर अशीच चालू आहे.

आता या कसोट्यांवर दोन नामांकित कलावंतांस घासून पाहू. जॉर्ज हरेल हा अमेरिकन छायाचित्रकार (१९०४–१९९२) चित्रपटनटींच्या तसबिरींचा बादशहा मानला जातो. हॉवर्ड ह्यूज यांच्या 'द आउटलॉ' या चित्रपटासाठी त्याने जेन रसेल हिची काढलेली चित्रे जगभर गाजली. चित्रपट प्रथम १९४३ साली दाखविला गेला आणि सर्वत्र पोचावयास १९४६ साल उजाडले. तोपर्यंत नटीची कीर्ती मुख्यतः या चित्रांनीच केली होती. वाळलेल्या गवतावर रेललेली, खांद्यावरून पोलके ओघळलेली ही मुलगी चित्रपटासाठी निवडली गेली तेव्हा विशीचीही नव्हती. हरेलचे प्रकाशावरील प्रभुत्व या चित्रांत लपत नाही. गवताची काडी न् काडी, केसांची लकेर, ओठांवरील चमक, सर्व काही जागच्या जागी आहे. तिच्या डोळ्यांत एक रुसवा आहे, तोही त्याने टिपला आहे. आणि तेवढ्यापुरता तो खरा कलावंत आहे. परंतु चित्राची सारी बांधणी त्या डोळ्यांच्या विरुद्ध जाते. रेललेला देह, उघडा खांदा, कापडाच्या चुण्या, या सगळ्या रेषा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण चेहरा नव्हे. प्रेक्षक डोळ्यांपर्यंत पोचतो तो वाट चुकून. हे मांडणाऱ्यांच्या पंथातील उत्तम चित्र आहे असे म्हणता येईल. ते उत्तम व्यक्तिचित्र आहे असे आम्हांस म्हणवत नाही. पुढे १९७० नंतरच्या दशकात हीच बाई प्लेटेक्स कंपनीच्या जाहिरातींत, भरल्या अंगाच्या स्त्रियांसाठी केलेली अंतर्वस्त्रे घेऊन, मोकळ्या मनाने बोलताना दिसली. ज्या देहाचा एकेकाळी डांगोरा पिटला गेला, त्याविषयी ती घरच्या बाईसारखी बोलली. हरेलच्या गवतापेक्षा त्या साध्या जाहिरातींत जेन रसेल अधिक भेटते, असे आमचे मत आहे.

दुसरे उदाहरण कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन या इंग्रज बाईंचे (१८१५–१८७९). वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ साली, मुलीने व जावयाने भेट दिलेला कॅमेरा हाती आला आणि त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचे छायाचित्रालय केले. त्यांची भिंगे ओबडधोबड, काचेवरील रसायनांचे डाग तसेच राहिलेले, आणि एकेका चित्रास बसणाऱ्यास कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. समकालीन टीकाकारांनी त्यांच्या पुसट रेषांची यथेच्छ थट्टा केली. तरीही त्यांच्या घरची दासी मेरी हिलियर हिची चित्रे पाहावीत. मस्तकावरून खांद्यावर उतरणारे एकच साधे वस्त्र, वरून व बाजूने येणारा प्रकाश, मागे काळोख. देह तेथे आहे, त्याचे वजन जाणवते, कुशीतील मुलाचा भारही जाणवतो. परंतु सारे वस्त्र वर वर चढत जाऊन चेहऱ्यास महिरपीसारखे धरून ठेवते. मोलकरणीस बाईंनी मेरी माता केले, यात खुशामत असेल. पण ती देहाची काटछाट करून केलेली नाही. झाकणे आणि मांडणे यांच्या पलीकडचा मार्ग म्हणून आम्ही म्हणतो तो हाच.

आमच्याकडे आणखी एक विलक्षण दाखला आहे. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची स्त्रीवेषातील छायाचित्रे आजही आवडीने पाहिली जातात. तेथे देह पुरुषाचा; तोही पुढे पुढे चांगला भरलेला. असे असता त्या चित्रांतील स्त्री कोठून येते? मानेच्या वळणातून, खांद्यावरील पदराच्या बसणीतून, आणि आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक असूनही न संकोचणाऱ्या नजरेतून. ज्या काळी कुलीन स्त्रिया कॅमेऱ्यापुढे आक्रसून बसत, त्याच काळी एका पुरुषाने भरल्या अंगाने कसे उभे राहावे हे दाखवून दिले, यातील विनोद आणि खेद दोन्ही वाचकांच्या ध्यानी येतील.

न संकोचणारी ही नजर सामान्य स्त्रीस कशी लाभावी? याचे एक उत्तर लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस दिले होते. तेथे त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी निराळे छायाचित्रालय काढले आणि ते केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हवाली केले. हा बंदोबस्त पडद्यासाठी होता हे खरे. पण कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे यावर समोरच्या देहाची ठेवण अवलंबून असते, हे सत्य त्यात मान्य केले होते. आजचा छायाचित्रकार पुरुष असो वा स्त्री, त्याने पहिली दहा मिनिटे कॅमेऱ्यास हात न लावता बोलण्यात घालविली, तर अंतर आणि प्रकाश यांहून तो अधिक साधील.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. 'ही सारी युक्तीच नव्हे काय? मग कुंचल्याने किंवा यंत्राने कमर बारीक करणाऱ्यास तुम्ही का हसता?' आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. काचेवर शिसपेन्सिल चालवून सुरकुत्या पुसण्याची विद्या एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली होती. हरेलने १९३१ साली काढलेल्या जोन क्रॉफर्डच्या एका चित्राची आधीची आणि नंतरची अशी दोन रूपे प्रसिद्ध आहेत, व त्यांतील दुसऱ्यात चेहऱ्यावरील सारे ठिपके नाहीसे झाले आहेत. आज तेच काम खिशातील फोन न सांगता करतो. परंतु दोहोंत भेद आहे. ३ मीटरवरून पाहिलेली स्त्री ही खरीच स्त्री आहे. घरात, रस्त्यात आपण माणसास त्याच अंतरावरून पाहतो. हातभर अंतरावरील कॅमेराच खोटे बोलत होता. मागे सरणाऱ्याने ते खोटे दुरुस्त केले एवढेच. कमर घासून बारीक करणारा मात्र तिला सांगतो, की तू जशी आहेस तशी चित्रास योग्य नाहीस. पहिल्या चित्रात ती स्वतःस ओळखते. दुसऱ्यात ती एका परक्या बाईचा हेवा करावयास शिकते. आमची कसोटी इतकीच : चित्र पाहून घरच्या माणसाने 'ही आमचीच' असे म्हणावे, आणि तिने स्वतः ते फाडू नये.

हा लेख लिहीत असता आम्ही आमच्या भाचीस, जी अंगाने थेट आत्याबाईंवर गेली आहे, खिडकीशी बसविले. धड तिरपे केले, पांढरा पुठ्ठा सावलीच्या बाजूस धरला, आणि खोलीच्या दाराबाहेर जाऊन कॅमेरा लाविला. खांदे पुढे घेण्याची तिची सवय मोडावयास बराच वेळ लागला. अखेर आत्याबाईंच्या एका फजितीची गोष्ट निघाली, ती मोठ्याने हसली, पाठ आपोआप सरळ झाली, आणि कळ दाबली गेली. चित्र काही मोठ्या कलेचे नाही. परंतु ते तिने मागून नेले, आणि बैठकीच्या खोलीत, आत्याबाईंच्या पुसट तसबिरीशेजारी, स्वतः खिळा ठोकून लाविले.